नसलेल्या दाराची बिजागरी

वाशीमचे आमचे घरमालक गिऱ्हाइकाला बिजागरी विकण्याआधी त्याच्याकडून नसलेलं दार उघडून घेत.

पेठेत त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी एखादा शेतकरी यायचा, धोतराच्या सोग्यानं घाम पुसायचा आणि म्हणायचा, "शेटजी, कपाटाले दोन कब्जे द्या." शेटजी कब्जे काढायचेच नाहीत. गादीवरून उठून दुकानाच्या मधोमध उभे राहायचे आणि म्हणायचे, "इथिसा कपाट हाय समजा. उघडा."

"कुठी हाय?"

"हे काय, तुमच्या म्होरं. उघडा ना जी."

तो बिचारा आजूबाजूला बघायचा, कोणी ओळखीचं हसत तर नाही ना याची खात्री करायचा आणि हवेत हात घालून काहीतरी ओढल्यासारखं करायचा. शेटजी म्हणायचे, "आता लावा." तो लावायचा. ते सगळं शेटजी असं डोळे बारीक करून पाहायचे, की वैद्य नाडी बघतानाही इतका गंभीर होत नसेल. मग शेवटचा प्रश्न यायचा, "घरात लेकरू हाय का?" हो म्हटलं, की बिजागऱ्यांबरोबर कंतानाची एक लांबट पट्टी फुकट मिळायची. ती कशासाठी, हे शेटजी पुष्कळ सांगायचे, पण तोवर गिऱ्हाइकाचं डोकं इतकं गरगरलेलं असायचं, की तो पट्टी काखेत मारून वाटेला लागायचा. त्या पट्टीनं गावात बैल पुसले जात, चुलीवरची भांडी उतरवली जात. मला लेकरू नसताना मिळालेल्या पट्टीनं मी कंदिलाची काच पुसत असे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून नवा लागलो होतो आणि शेटजींच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली होती. पहिल्या दिवशी दुकानात पाय ठेवला, तेव्हा एक म्हातारी बाई हवेतलं दार ढकलत होती आणि शेटजी तिला म्हणत होते, "आजी, जरा हळू. एवढ्या जोरानं नाई." मी उंबऱ्यावरच थांबलो. हे दुकान आहे, की कोणाच्या अंगात आलंय, काही कळेना.

शेटजी उंच, वाळके, डोक्यावर काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. कोटाच्या खिशात कायम खिळे आणि मळसूत्रं खुळखुळत. मळसूत्रं म्हणजे स्क्रू. पण तो शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. बिजागरी हातात घेतली, की ते ती कानाशी नेऊन उघडमिट करत आणि डोळे मिटून ऐकत. "ही कुरकुरते. बरी हाय," असं म्हणून बाजूला ठेवत. कुरकुरणारी बरी कशी, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "मास्तर, कुरकुरली का माणूस हुशार होते. मुकी बिजागरी लय वाईट."

दुकानातल्या वस्तूंची नावं हा आणखी वेगळा घोळ. जिला मी लहानपणापासून बिजागरी म्हणत आलो, तिला निम्मी पेठ कब्जा म्हणत होती. ते एक वेळ समजलं. पण कडी वेगळी, कोयंडा वेगळा, कडी जिच्यात अडकते तो कोयंडा, की कोयंड्यात जी अडकते ती कडी, आणि खिटी या दोघांची कोण, हे शेटजींनी मला इतक्या वेळा समजावलं, की आधी जे थोडंफार येत होतं तेही गेलं. बिजागरीच्या दोन पानांना त्यांनी स्वतःची नावं ठेवली होती. चौकटीला ठोकतात ते माहेरचं पान आणि झडपेबरोबर फिरतं ते सासरचं पान. "माहेरचं पान हालत नाई, सासरचं हालते. ध्यानात ठेवा," असं ते बजावत. आणि पुढच्याच गिऱ्हाइकाला समजावताना स्वतःच उलट सांगून बसत. मग खिशातून एक बिजागरी काढून तिच्याकडे असे पाहत, की जणू तिनंच त्यांना फसवलं होतं.

एक वाक्य मात्र त्यांचं ठरलेलं होतं. "कुलपाकडे सगये पायतेत, बिजागरीकडे कोनी नाई पायत." दिवसातून कितीदा तरी ते हे म्हणत. कधी गिऱ्हाइकाला, कधी मला, कधी कोणालाच नाही.

आता गंमत अशी, की बिजागऱ्या विकणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात दारं नव्हती. रस्त्याकडचं एक दार आणि माझ्या खोलीचं एक, एवढंच. आतल्या सगळ्या चौकटी नुसत्या उभ्या. त्यांवर शेटजींच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, जुन्या लुगड्यांचे पडदे. चौकटीला बिजागऱ्यांच्या जागी जुनी भोकं तेवढी दिसत. कपाट नावाची वस्तू घरात शोधून सापडली नसती. डबे फळीवर, कपडे दांडीवर. रस्त्याकडचं दार लावायचं तर शेटजी आधी बिजागरीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत तळहात फिरवत, वाकून फटीत बघत, "लावतो बरं!" असं मोठ्यानं ओरडत आणि मग जावयाला गादीवर बसवावं इतक्या हळुवारपणे दार लावत. मागे कोणी नसलं तरी ओरडत.

माझ्या खोलीत भिंतीतलं एक फडताळ होतं, झडपेशिवाय. मी पुढच्या महिन्यात बायकोला आणणार होतो. उघड्या फडताळात संसार मांडणं बरं दिसलं नसतं. मी शेटजींना झडप बसवून मागितली. झालं. मला दुकानात मधोमध उभं केलं गेलं.

"हे फडताय हाय समजा. उघडा."

मी त्यांच्याकडे तोंड करून उभा होतो. फडताळाच्या डावीकडे खोलीचं दार आहे, तेव्हा झडप उजवीकडे उघडायला हवी, हे मी मनात घोकून आलो होतो. मी हवेतली झडप माझ्या उजवीकडे उघडली.

"डावी," शेटजी म्हणाले.

"उजवी," मी म्हणालो.

"तुमी कुठून पायता? आतून का भाईरून?"

"शेटजी, फडताळाच्या आतून कोण बघतं?"

"पायनारा पायते, मास्तर," असं म्हणून त्यांनी मापं घेतली.

सुतारानं झडप बसवली ती डावीकडे उघडणारी. मी समोर उभा राहून जे उजवं दाखवलं, ते त्यांनी स्वतःचं डावं म्हणून धरलं होतं. परिणाम असा झाला, की फडताळ उघडलं की झडप खोलीच्या दारावर जाऊन आपटे. साखर काढायची तर आधी खोलीचं दार लावायचं. दार लावलं की अंधार. अंधारात मी बरेच दिवस चहात मीठ घालून पीत होतो. शेटजींना हे दाखवलं, तर त्यांनी झडप उघडमिट केली, फटीत बोट फिरवलं आणि समाधानानं म्हणाले, "पन हळू उघडा लागते. हे बरं झालं." त्यांच्या लेखी जे दार उघडायला त्रास होतो ते चांगलं दार. माझ्या बायकोनं आल्या आल्या ती झडप काढून टाकली आणि तिचा पाट केला.

त्या घराला घोर होता तो एकाच गोष्टीचा, रतनच्या लग्नाचा. रतन ही शेटजींची एकुलती एक मुलगी. तरतरीत, स्पष्ट बोलणारी, आईपेक्षा उंच. पण डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. गावात त्याबद्दल ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी हकीकत. कोणी म्हणे कडबा कापताना गेली, कोणी म्हणे जन्मतःच तशी. पहिलं स्थळ बघायला आलं, तेव्हा तिनं दुधाचं तबक पुढं केलं आणि पाहुण्यांची नजर त्या बोटांवर गेली. ते लोक अर्ध्या तासात उठले. पाणीसुद्धा न पिता गेले. न जेवता पाहुणे उठले, म्हणजे सोयरीक बारगळली, हे सगळ्या गावाला कळतं. पेठेत चार दिवस तीच चर्चा होती.

दुसरं स्थळ शिरपूरचं आलं. खाऊनपिऊन सुखी घर, शेती आणि किराण्याचं दुकान, मुलगा शिकलेला. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी काकू माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मास्तर, उद्या तुमी आमच्या यायच्या बाजूले बसा. बिजागरीचं नाव काढलं का मधात काहीबी बोला. कापसाचं बोला, पावसाचं बोला. पन तो विषय निघाला नाई पायजे."

"एवढं काय त्या बिजागरीचं, काकू?"

काकूंनी पदराचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, "रतनची बोटं कशी गेली, तुमाले कोनी नाई सांगतलं?"

"नाही."

"यायच्याच हातानं गेली. तवा आमचा कापसाचा धंदा होता. मोठं सागवानी कपाट होतं. हे घाईत होते, गाडी निंगाली होती. कपाटाची झडप लावली धाडकन. पोट्टी मांगून बिजागरीच्या फटीत हात घालून उभी होती. चालायले नुकती शिकली होती." काकूंनी डोळे टिपले. "तवापासून कापूस सोडला. घरातली दारं काढली. कपाट चुलीत जायलं. आन हे दुकान टाकलं. आता सगया दुनियेले दार लावायले शिकवतेत, फटीवर ठोकायले पट्ट्या वाटतेत. पन त्या दिवसापासून पोरीच्या त्या हाताले हात नाई लावला यायनं. पायतसुद्धा नाईत तिकडे."

इतके दिवस ज्या वेडाला मी हसत होतो, त्याचा अर्थ कळला, तर आणखीच गोंधळलो. दाराची एवढी भीती बसलेल्या माणसानं जन्मभर बिजागऱ्या विकाव्यात, हे अजूनही मला नीट उलगडलेलं नाही. पण त्यांच्याविषयी त्या दिवशी फार माया वाटली.

काकूंचा बेत पक्का होता. रतननं डावा हात पदराखाली ठेवायचा. तबक तिच्या मावशीनं आणायचं. रतननं नुसता नमस्कार करून बसायचं, नाव सांगायचं आणि उठायचं. लग्न ठरलं की मग बघू. रतनला हे पसंत नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं, पण आईच्या रडण्यापुढे ती गप्प बसली. स्वयंपाक दुपारपासूनच तयार. जैनांचं घर, दिवस मावळायच्या आत पंगत उठायला हवी, म्हणून सगळं वेळेत उरकायचं होतं.

पाहुण्यांची बैलांची दमणी दुपार कलताना आली. मुलाचे वडील अंगानं भरलेले, मोठ्या मिशांचे, आवाज चढा. मुलगा सडपातळ आणि बुजरा. बैठकीत टेकायच्या आधीच मुलाचे वडील पडद्याच्या चौकटीकडे बघून म्हणाले, "शेटजी, घराले दारं नाईत?"

मी घाईघाईनं म्हणालो, "यंदा शिरपूरकडे कापूस कसा आहे?"

"बरा हाय," ते म्हणाले आणि पुन्हा चौकटीकडे वळले. "बिजागऱ्या काढलेल्या दिसतेत."

संपलं. पडद्याआड काकूंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला ऐकू आला. शेटजींचे डोळे चमकले. खिशातून बिजागऱ्या निघाल्या, बैठकीवर मांडल्या गेल्या आणि माहेरचं पान, सासरचं पान सुरू झालं. मी पाऊस काढला, शाळा काढली, एकदा तर खोकल्याची मोठी उबळ आणली. उपयोग शून्य. मुलाचे वडील मिशा चावत ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "मास्तर, हे आंदनात कपाट देनार हायेत का?" मी म्हटलं, मला कल्पना नाही. खरंच नव्हती.

तेवढ्यात रतन आली. नमस्कार केला, नाव सांगितलं, बसली. डावा हात पदराखाली. मुलानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. रतननंही एकदा चोरून पाहिलं. मुलाच्या वडिलांनी समाधानानं मान हलवली. माझ्या मनात आलं, जमलं. आता पानं वाढा.

पण शेटजी उठून मध्यभागी उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "उठा. इथिसा दार हाय समजा. उघडा."

मुलानं वडिलांकडे बघितलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. मी जाजमाकडे बघितलं. "उघड बाबा," वडील म्हणाले, "त्यायचा काही रिवाज असन."

मुलगा उठला, हवेतलं दार त्यानं उघडलं.

"आता लावा."

त्याचं लक्ष होतं रतनकडे. तिच्याकडे बघत बघतच त्यानं ते दार मागच्या मागे टाचेनं ढकललं, कोणताही तरुण मुलगा ढकलतो तसं. शेटजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाई," ते म्हणाले. "ही सोयरीक नाई होत."

"काहून?" मुलाचे वडील ताडकन उठले. "पोरानं केलं काय?"

"त्यानं पायलं नाई."

"काय पायलं नाई?"

"दार लावताना मांगं नाई पायलं."

"अहो शेटजी, दारच नाई, तर मांगं काय पाहावं त्यानं?"

शेटजी त्या हवेतल्या दाराच्या फटीवर तळहात फिरवत राहिले. मुलाचे वडील पागोटं सावरायला लागले. बाहेर अंगणात उन्हं लांबली होती. आता हे लोक उपाशी उठणार आणि रतनच्या नावानं पुन्हा पेठेत चर्चा होणार, हे मला दिसत होतं, आणि कापूस सोडून दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं.

"बाबा," रतन म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. "दार यायनं नाई लावलं. तुमी लावलं होतं." आणि तिनं डावा हात पदराखालून काढून सगळ्यांसमोर धरला.

पाहुणे हाताकडे बघत राहिले. मुलगा खोलीच्या मधोमध तसाच उभा, बसावं की जावं हे न कळून. पडद्यामागून काकूंचा हुंदका आला. शेटजींनी आधी मान फिरवली. मग हळूहळू वळून त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. दोन पावलं पुढं आले. खिशातले खिळे खुळखुळले. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दुखते का वं अजून?"

"थंडीत दुखते जरासं. मंग चुलीपाशी धरते."

"मले कधी नाई सांगतलं."

"तुमी इचारलंच नाई, बाबा." रतनचा आवाज फाटला. "अख्ख्या गावाले इचारता, घरात लेकरू हाय का. मले एकदाही नाई इचारलं, तुले दुखते का म्हनून."

शेटजी मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. हात मात्र त्यांनी सोडला नाही. रतन त्यांच्याजवळ बसली. त्यांची टोपी पडली होती, ती तिनं उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली. मी बैठकीतल्या कंदिलाची वात विनाकारण वरखाली करत होतो, दिवसाउजेडी.

"मी बसू का?" मुलानं वडिलांना विचारलं.

मुलाच्या वडिलांनी मला कोपऱ्यात ओढलं. "मास्तर, आमाले सांगा तरी. ही सोयरीक झाली का मोडली?"

"मला तरी कुठं कळतंय?" मी म्हणालो.

त्यांनी रतनकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे बघितलं. मुलगा त्या हाताकडेच बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वडिलांनी दारातून वाकून उन्हाचा अदमास घेतला, परत बैठकीवर ठाण मांडलं आणि पागोटं काढून मांडीशी ठेवलं.

"शेटजी," ते मोठ्यानं म्हणाले, "रडनं मंग करा. दिवस बुडून राह्यला. पानं वाढता का उपाशीच धाडता आमाले?"

मला वाटलं, माणसाला भूक लागली. पण पडदा एकदम हलला आणि काकू हसत-रडत स्वयंपाकघराकडे धावल्या, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मावशी वाढायला पुढं आली, तर रतननं तिच्याकडून भांडं काढून घेतलं. उन्हं भिंतीवर होती तोवर सगळी पंगत तिनंच वाढली. पदर कमरेला खोचलेला, उजव्या हातात पळी आणि वरणाचं भांडं डाव्या हातात. भांड्याच्या काठावर तिची तीन बोटं आणि दोन अर्धी बोटं सगळ्यांना दिसत होती.